दीड मिनिटाची पाणपोई

माझ्या पाणपोयांच्या फेरीला पाच-सहा माणसं यायची. त्यातली दोन ठरलेली. एक माझी ऑफिसातली मैत्रीण, जिला रविवारी सकाळी घरच्या पोह्यांच्या कढईपासून लांब पळायला सबब हवी असायची. दुसरे चर्नी रोडचे एक निवृत्त मास्तर. मी सांगितलेलं बहुतेक सगळं मास्तरांना आधीच ठाऊक असायचं. तरी ते यायचे आणि सगळ्यांत पुढे उभे राहून, डोळे बारीक करून, पेपर तपासल्यासारखं ऐकायचे. बाकीचे म्हणजे कुणाची पुण्याहून आलेली मावसबहीण, कुणाचा आर्किटेक्चर शिकणारा भाचा. पावसाळ्यात कधी मी आणि मास्तर दोघंच उरायचो. तरी फेरी व्हायची. ती रद्द करायची तर मास्तरांना कळवायला हवं, आणि मास्तर सकाळी फोन उचलत नाहीत.

मी इतिहासाची अभ्यासक वगैरे नाही. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग कंपनीच्या अकाउंट्स खात्यात बसते. जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करताना दगडी पाणपोया दिसायला लागल्या. आधी नुसत्या दिसल्या, मग त्यांवरची नावं वाचली, मग एशियाटिकमध्ये जाऊन बसले. घरच्यांना वाटलं, महिनाभरात उतरेल. उतरलं नाही. महिन्यातून एका रविवारी साडेसातला मशीद स्टेशनबाहेर जमायचं, भात बाजारात केशवजी नायक यांच्या नावाची १८७६ सालची पाणपोई बघायची, तिथून चालत जीपीओ, मग फोर्टात शिरून मुळजी जेठांच्या कारंज्यापाशी थांबायचं. त्यानंतर इराण्याकडे चहा, रविवारचा इराणी उघडा सापडला तर. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. कोणी आलं तर आलं.

मग एका मुलाने रील केलं.

तो कुणाचा तरी मित्र म्हणून आला होता. पाठीवर सॅक, बोलणं कमी, सतत मागे. मला वाटलं कंटाळलाय. तो चित्रीकरण करत होता हे मला चार दिवसांनी मैत्रिणीने लिंक पाठवली तेव्हा कळलं. मुंबईत भटकून छोटे व्हिडिओ करणं हा त्याचा उद्योग, आणि त्याला लाखांनी लोक बघतात हेही तेव्हाच कळलं. दीड मिनिटाचं रील. सुरुवातीला मोठ्या अक्षरांत ‘तुम्ही मुंबईकर असाल तरी हे तुम्हाला माहीत नसणार’. मग वाजतगाजत मुळजी जेठांचं कारंजं, त्याच्या टोकावरचा पुस्तक वाचणारा दगडी मुलगा, जीपीओजवळची उडणारी कबुतरं, आणि मध्ये मध्ये माझा आवाज आणि माझा उजवा हात. चेहरा नाही, नाव नाही. ‘एक ताई’. शेवटी वार, वेळ, ठिकाण, आणि ‘एंट्री फ्री’. शुक्रवारपर्यंत ते सात लाख लोकांनी बघितलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच मुळजी जेठा कारंज्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत २०१८ साली त्याचा सन्मानाने उल्लेख झाला होता. जगातली एवढी मोठी संस्था नाव घेते म्हटल्यावर मी पुढच्या रविवारी पाण्याची जास्तीची बाटली घेऊन गेले होते, गर्दी झाली तर असू द्यावी म्हणून. मास्तर आले. मैत्रिणीला सर्दी झाली होती.

रीलनंतरच्या रविवारी मात्र मशीद स्टेशनचा जिना उतरतानाच आवाज आला. दीडशे तरी माणसं असावीत. भात बाजार रविवारी सकाळी तसा झोपलेला असतो. एखादी हातगाडी, गोण्यांवर बसून चहा पिणारे हमाल, रात्रभर साचलेला मसाल्यांचा वास. त्यात हे सगळे गॉगल लावून, मुलांना खांद्यांवर घेऊन, काहीजण थेट ठाणे-वसईहून आलेले. एका आजोबांनी फोल्डिंग स्टूल आणलं होतं. हमालांपैकी एकाने मला विचारलं, ‘‘बाई, वाटप कसलं आहे?’’ दहा मिनिटांत हवालदार आला. त्याचा प्रश्न जास्त नेमका होता: ‘‘मोर्चाची परवानगी कुठाय?’’ मोर्चा नाही, पाणपोई बघायला आलोत, हे सांगितल्यावर त्याचा संशय उलट वाढला.

परिस्थिती वाचवली मास्तरांनी. त्यांनी खिशातून शिट्टी काढली. ती त्यांच्या खिशात निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही का होती, हे मी विचारलेलं नाही. ‘‘दोन-दोनच्या रांगा! डाव्या बाजूने! गाडीला वाट!’’ आणि मुंबईची दीडशे माणसं, जी लोकलच्या दारात कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, ती मुकाट रांगेत उभी राहिली.

पण ऐकू कुणालाच येत नव्हतं. मी केशवजी नायकांच्या पाणपोईच्या चबुतऱ्यावर चढून ओरडत होते आणि तिसऱ्या रांगेच्या पुढे ते पोचत नव्हतं. मी एरवी इथे सांगते ते असं, की मुंबईला नळाने पाणी यायला लागलं ते विहार तलावातून, १८६० साली. मग तुळशी १८७९, तानसा १८९२. त्याआधी विहिरी आणि तळी. गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी, धोबी तलाव ही सगळी पाण्याचीच नावं, पाणी बुजलं तरी बसच्या पाट्यांवर राहिलेली. नळ आले तेव्हा कच्छी, भाटिया, पारशी व्यापाऱ्यांनी रस्त्यांवर पाणपोया बांधून दिल्या. शहर तेव्हा पाठीवर आणि बैलांवर चालायचं. गोदीतले हमाल, बैलगाडीवाले, व्हिक्टोरियावाले या सगळ्यांना दुपारी तहान लागणार, ती भागवायची. वर माणसांसाठी तोट्या, खाली जनावरांसाठी दगडी कुंडं. मग मी त्यांना खाली वाकून बघायला सांगते. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले की आधी कुंड बुडतं. बैलाने मान खाली घालून प्यावं अशा उंचीचं जे कुंड असतं, ते आज घोट्याशी आलेलं असतं.

त्या दिवशी खाली वाकायला जागाच नव्हती. आणि एक बाई पुढे येऊन म्हणाल्या, ‘‘व्हिडिओतला तो पुस्तकवाला मुलगा कुठाय?’’

‘‘तो शेवटी. फोर्टात.’’

‘‘म्हणजे इथे नाही?’’

हे वाक्य मागे मागे पोचलं. माझं बाकीचं काही पोचलं नव्हतं, हे मात्र शेवटच्या रांगेपर्यंत लख्ख गेलं. पाच मिनिटांत निम्मी मंडळी टॅक्सी शोधायला पांगली. उरलेल्यांतली बरीच वाटेत गळली, कोणी चहाला, कोणी ऊन झालं म्हणून. जीपीओपाशी पोचलो तेव्हा वीस-बावीस जण होतो. मुळजी जेठांच्या कारंज्याजवळ पोचलो तेव्हा टॅक्सीने गेलेले फोटो काढून घरी निघाले होते. एक कुटुंब जाताजाता थांबलं आणि त्यातल्या गृहस्थांनी मला विचारलं, ‘‘तुम्ही पण रील बघून आलात का?’’

आता खरं सांगायचं तर मला हे सगळं आवडलं. आपल्याकडे कौतुक झालं की ते अंगावरून झटकून टाकायची एक रीत आहे. ‘छे हो, मी काय केलं, आपलं असंच’ असं म्हणून पदराने तोंड पुसायचं. माझ्या आईला ही रीत इतकी पक्की येते की तिच्या पुरणपोळीला कोणी चांगलं म्हटलं तरी ती डाळीला दोष देते. मला ती रीत येते, पण त्या आठवड्यात ती कामी आली नाही. मी रात्री उठून आकडा बघत होते. ठाकूरद्वारला भाजी घेताना कोणी माझा आवाज ओळखतंय का याचा कानोसा घेत होते. कोणीही ओळखला नाही. भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव वाढलाय एवढंच सांगायचं होतं.

आणि मी ज्यांच्याविषयी बोलते ते शेठ लोक तरी कुठे नाव नको म्हणणारे होते? सगळ्या पाणपोयांवर पाट्या आहेत. कुणाच्या पैशाने, कुणाच्या स्मरणार्थ, कोणत्या साली, सगळं कोरलेलं. रतनसी मुळजींनी अकाली गेलेल्या मुलासाठी ते १८९४ सालचं मुळजी जेठा कारंजं बांधलं तेव्हा आराखड्याला माणूस निवडला तो फ्रेडरिक स्टीव्हन्स, म्हणजे ज्याने व्ही. टी. स्टेशन आणि महापालिकेची इमारत उभी केली तो. पोराची आठवण घरातल्या तसबिरीतही ठेवता आली असती. त्यांना ती भर रस्त्यात हवी होती, पाणी प्यायला थांबलेल्या प्रत्येकाने मान वर करून बघावी अशी. त्यात दिखावा किती आणि दुःख किती, हे मला वेगळं करता येत नाही, आणि करायची गरजही वाटत नाही. जीपीओजवळची कोठारींची पाणपोई १९२३ ची, तीही मुलीच्या आठवणीसाठी. नाव लागावं ही इच्छा असल्याशिवाय यातला एकही दगड उभा राहिला नसता. तेव्हा मी आकडा बघितला, तर बघितला.

मला जे खुपलं ते दुसरंच. रीलमध्ये एक वाक्य होतं: ‘इंग्रजांनी मुंबईकरांसाठी बांधलेल्या या पाणपोया’. मी हे म्हटलेलं नव्हतं. उलट मी दर वेळी घसा ताणून सांगते, की पाणी पालिकेचं असेल, पण दगड या शेठ लोकांचा. आणि सरकारच्या पाणीप्रेमाचं म्हणाल तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या डासांचा बंदोबस्त म्हणून याच शहरात विहिरी बुजवायचा, झाकायचा सपाटा लागला होता आणि लोक त्याच्याशी भांडत होते.

दुसरं म्हणजे कोठारी पाणपोईसमोर मी सगळ्यांत जास्त वेळ थांबते, ते कबुतरांसाठी नव्हे. १९२३ हेच ते वर्ष, ज्याच्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला, आणि तरी चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. म्हणून मी इथे प्रत्येक वेळी विचारते, की या शहरात तोटीजवळ जाताना कोणाला आधी आजूबाजूला बघावं लागत असेल? पाटीवर देणाऱ्याचं नाव आहे. पिणाऱ्याची नोंद कुठेही नाही. यावर एरवी पाच माणसांत अर्धा तास वाद होतो. एकदा आर्किटेक्चरवाला भाचा आणि मास्तर इतके भांडले, की चहा न पिताच गेले. माझ्या मते ही फेरी या एका थांब्यासाठी आहे. बाकीचं वाटेत येतं.

रीलमध्ये इथे कबुतरं उडाली. छान उडाली, संथ गतीने.

मला त्या आठवड्यात बहिणाबाई आणि अत्रे आठवत राहिले. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. जळगावकडची, लिहिता-वाचता न येणारी बाई, जात्यावर आणि शेतात गाणी रचणारी. मुलगा सोपानदेव कवी. त्याने ती उतरवलेली वही अत्र्यांना दाखवली, अत्रे वेडे झाले, आणि १९५२ साली, बाई गेल्यानंतरच्या वर्षी, संग्रह आला. त्याला प्रस्तावना अत्र्यांची. अत्रे तेव्हा केवढे मोठे! त्यांनी नुसतं ‘वाचा रे’ म्हटलं असतं तरी महाराष्ट्राने वाचलं असतं. पण त्यांनी बसून प्रस्तावना लिहिली. बाई कोण, कुठल्या, त्यांच्या बोलीत काय आहे, हे सगळं मांडलं.

वीस वर्षांनी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांच्या पहिल्या संग्रहाला तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. तेंडुलकर दादर-पार्ल्याच्या बाजूचे, ढसाळांचं जग गोलपिठ्याचं. त्यांनी घरी बसून कौतुक केलं नाही. ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरले, आणि कवितेतलं आपल्याला काय कळत नाही हे प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहिलं. मोठ्या माणसाने छोट्याला पुढे आणायचं तर त्याच्यामागून चालत जावं लागतं, थोडा वेळ अडाण्यासारखं उभं राहावं लागतं. नुसतं बोट दाखवलं की लोक बोटाच्या दिशेने पळतात, पुस्तकवाला मुलगा शोधतात, आणि टॅक्सी करून परत जातात.

अर्थात एवढी मोठी उदाहरणं मी स्वतःला लावतेय याची जाणीव आहे. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘बहिणाबाईंनी ओव्या रचल्या. तुम्ही शेठजींच्या पाट्या वाचून दाखवता.’’ मास्तर म्हणजे मास्तर.

मुलाला मी फोन केला. भांडायच्या तयारीने. तो दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटायच्या वेळी फोर्टातल्या एका उडप्याकडे आला, आणि बसल्याबसल्या माझी भांडायची तयारी निम्मी झाली, कारण तो फारच लहान होता. बावीस-तेवीसचा. ठाण्यापलीकडच्या दिव्याला राहतो. सकाळच्या लोकलमध्ये दारापाशी उभा राहून मोबाइलवर संकलन करतो. दिव्याहून ती गाडी ज्यांनी पकडली आहे त्यांना कळेल की हे किती अशक्य काम आहे.

‘‘ताई, आवडलं नाही का तुम्हाला?’’

‘‘आवडलं. पण इंग्रजांनी बांधल्या हे कुठून आणलंस?’’

‘‘व्हिक्टोरियन दिसतात ना.’’

‘‘आणि बोले ठराव?’’

त्याने इडलीचा तुकडा सांबारात बुडवून ठेवला आणि मला त्याच्या धंद्याचं गणित समजावलं. पहिल्या तीन सेकंदांत बोट थांबलं नाही तर माणूस गेला. माणसं जायला लागली की व्हिडिओ पुढे कोणाला दिसतच नाही. ‘‘१९२३ चा ठराव म्हटला की लोक जाणार, ताई. मला तुमचा तो भाग सगळ्यात जास्त आवडला होता. खरंच. पूर्ण शूट केलाय. पण कुठे घालू?’’

मी म्हटलं, गेले तर जाऊ दे ना. यावर तो काहीच बोलला नाही. मग मी माझं नाव कुठाय ते विचारलं. त्याने टॅग करायला माझं अकाउंट खूप शोधलं म्हणाला. ते नव्हतंच. त्याच्या दृष्टीने अकाउंट नसलेल्या माणसाचं नाव लिहायचं म्हणजे काय करायचं, हे त्याला खरोखर सुचलं नव्हतं.

मग त्याने मोबाइलमधला एक जुना फोटो काढून दाखवला. गेल्या पावसाळ्यात त्याने हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्याचा एक व्हिडिओ केला होता. तो कुठल्याशा प्रचंड मोठ्या पेजने उचलला, त्याचं नाव कापून. कोटीभर लोकांनी बघितला. ‘‘मी त्यांना चाळीस मेसेज केले,’’ तो म्हणाला. त्याच्या त्या चाळीसमधल्या एकालाही उत्तर आलं नव्हतं. माझ्या फोनला निदान तो उडप्याकडे येऊन बसला होता. मला मोठा वाटणारा हा मुलगा त्याच्यापुढे उभ्या असलेल्या रांगेत माझ्याएवढाच मागे होता, आणि त्यालाही कोणीतरी मोठ्याने हात धरून पुढे न्यावं असंच वाटत होतं.

इंग्रजांचं वाक्य त्याने खाली मजकुरात दुरुस्त केलं. आतल्या आवाजात ते तसंच आहे. आजही कोणीतरी ते ऐकत असेल. बिलाचे पैसे त्याने देऊ दिले नाहीत.

पुढच्या महिन्यात तीसेक माणसं आली आणि त्यात काका होते. पांढरा बुशशर्ट, पायांत रबरी चप्पल, उन्हाने रापलेले. भात बाजारात मी तानसापर्यंत आले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही पाणी तलावापासून सांगता. इथपर्यंत येतं कसं ते सांगत नाही.’’

मास्तरांचे डोळे बारीक झाले.

काका पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. चावीवाले. मुंबईत पाणी ठरलेल्या वेळी येतं म्हणजे कोणीतरी भल्या पहाटे रस्त्यावर जाऊन ते सोडतं, आणि नंतर येऊन बंद करतं, ही गोष्ट नळाखाली बादली लावणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात असते? पुतणीच्या मुलीने त्यांना रील दाखवलं. त्यांना त्यात पुस्तकवाला मुलगा दिसलाच नाही. त्यांना माझ्या पायांमागची लोखंडी झाकणी दिसली. ‘‘म्हटलं, हा आपला एरिया.’’

ते आम्हाला पाणपोईपासून थोडं बाजूला घेऊन गेले आणि रस्त्यातल्या एका झाकणीपाशी थांबले. मी तिच्यावरून इतकी वर्षं चालत आले आहे. त्यांनी चपलेने वरची माती सरकवली. मग दोन्ही हातांनी हवेत चावी धरून दाखवली: कमरेपर्यंत येणारा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. चावी झाकणीतून आत व्हॉल्व्हवर बसवायची आणि फेरे मोजत फिरवायची. किती फेरे, हे व्हॉल्व्हगणिक वेगळं. ‘‘कागदावर एक आकडा असतो. जुना व्हॉल्व्ह असला की त्यातले दोन फेरे नुसतेच जातात, पकडत नाही. ते हाताला कळतं.’’ त्यांनी हवेतली चावी फिरवली आणि एका जागी त्यांचे खांदे खरंच अडले. मग जरा जोर लावून पुढे गेले. इकडे पाणी भंडारवाड्याच्या टाकीवरून येतं, म्हणजे माझगावच्या टेकडीवर जिथे वर जोसेफ बाप्टिस्टांच्या नावाची बाग आहे आणि खाली पाणी. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांना आपण कशावर चालतोय हे माहीत नसतं, असं सांगताना काकांना अपार आनंद झाला.

मग त्यांनी मला इतकी वर्षं न सुटलेली एक गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. इतक्या पाणपोया कोरड्या का? मी दुर्लक्ष, शहरीकरण, बाटलीबंद पाणी असं बरंच काही बोलायचे. काका म्हणाले, ‘‘रस्ता खणतात तेव्हा जुनी जोडणी तुटते. परत घ्यायची तर अर्जदार लागतो, आणि पाणपोईला अर्जदार नसतो, शेठ मेलेले.’’

त्यावर मास्तर, प्रथमच, वहीत काहीतरी लिहून घेताना दिसले.

आता फेऱ्या दोन झाल्या आहेत. एक माझी, पंधरा माणसांची, आधी नाव कळवून. दुसरी मास्तरांची, शाळेतल्या मुलांसाठी, शिट्टीसकट. काका दोन्हींना येतात. दिव्याच्या मुलाला मी काकांबद्दल सांगितलं तेव्हा तो पुढच्याच रविवारी आला, आणि या वेळी पुढे उभा राहिला. व्हॉल्व्ह म्हणजे काय, ‘पकडत नाही’ म्हणजे काय, भंडारवाडा कुठे, सगळं विचारत होता. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि त्यांची एकच अट होती, की पूर्ण नाव यायला हवं, वडिलांच्या नावासकट, आणि निवृत्तीच्या वेळचा हुद्दाही. पहिल्या वेळी टेम्पोचा हॉर्न आला. दुसऱ्या वेळी काकाच हसले. तिसऱ्या वेळी जमलं. त्याने त्यात कोठारी पाणपोईसमोरचा माझा १९२३ चा भागही घातला. संगीताशिवाय, पाच मिनिटं, सलग.

तो व्हिडिओ फारसा कोणी बघितला नाही. पहिल्या रीलच्या मानाने तर काहीच नाही. मुलगा आठवडाभर खट्टू होता. काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी स्वतःच तो आपल्या जुन्या खात्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तीनदा. गेल्या रविवारी त्या ग्रुपवरचे त्यांचे दोन जुने सहकारी भात बाजारात हजर होते, आणि आल्याआल्या त्यांचं काकांशी भांडण जुंपलं. त्यांचं म्हणणं, काकांनी व्हिडिओत दाखवलेली झाकणी चुकीची आहे. पाणपोईची लाइन या व्हॉल्व्हवर नव्हतीच, ती कोपऱ्यापलीकडच्या व्हॉल्व्हवर होती, आणि तिथे काका कधी ड्युटीला नव्हतेच. तिघंही हवेत आपापल्या चाव्या फिरवत होते. बाकीचे तेराजण घड्याळाकडे बघत उभे. मास्तर म्हणाले, आता कोपऱ्यापलीकडे जाऊन बघायलाच हवं. मग आम्ही सगळे तिकडे निघालो.